जिजाऊंचे नऊ महिने



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वेळी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाच्या वहीपलीकडे मी फारसे लिहिलेले नाही. तेव्हा शब्द इकडे-तिकडे झाले तर आपलीच म्हणून सांभाळून घ्यावे.

चरित्र कोणाचे लिहावे याचा विचार करावा लागला नाही. दर वर्षी १२ जानेवारीला आपण मंडळात जिजाऊंच्या तसबिरीला हार घालतो. भाषणे होतात. त्या भाषणांत बाळ शिवबा नेहमी आईच्या मांडीवर बसून राम-कृष्णाच्या गोष्टी ऐकत असतो. ते खरेच आहे. पण मांडीवर येण्याआधी हे बाळ नऊ महिने पोटात होते, आणि ते नऊ महिने त्या माउलीने कसे काढले याविषयी कोणी फारसे बोलत नाही. मला त्याविषयीच लिहावयाचे आहे. त्याला एक घरगुती कारण घडले, तेही ओघात सांगेन.

जिजाऊंचे सासर म्हणजे आपले शेजारचे गाव. खुलताबादचा घाट उतरला की वेरूळ. आपण श्रावणात घृष्णेश्वराला जातो आणि पिंडीवर पाणी घालून परत येतो, पण त्याच गावात भोसल्यांची गढी आहे तिकडे पाय वळत नाहीत. भोसले हे वेरूळचे पाटील. मालोजीराजांनी निजामशाहीत तलवार गाजविली, घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. त्यांना पुष्कळ दिवस मूल नव्हते. अहमदनगरच्या शहा शरीफ पिराला नवस केला आणि दोन मुलगे झाले, म्हणून एकाचे नाव शहाजी आणि दुसऱ्याचे शरीफजी ठेवले असे सांगतात. आपल्या गावात भद्रा मारुतीही आहे आणि दर्गेही आहेत, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटावयाचे नाही.

माहेर सिंदखेडराजाचे, बुलढाणा जिल्ह्यातले. वडील लखुजी जाधवराव, आई म्हाळसाबाई. आपले कूळ देवगिरीच्या यादवांचे असे जाधव मानीत, आणि देवगिरी म्हणजे आपला दौलताबाद. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा धरतात. सिंदखेडच्या वाड्यात त्या भावांबरोबर घोड्यावर बसावयास शिकल्या, तलवार धरावयास शिकल्या असे सांगतात. चारचौघे भाऊ असलेल्या घरातली मुलगी भाऊ करतील ते करावयाला बघतेच, त्यामुळे मला ते खरे वाटते.

लहान वयातच शहाजीराजांशी लग्न झाले. दोन्ही घराणी निजामशहाच्या पदरी होती, पण पुढे त्यांच्यात वितुष्ट आले. दौलताबादेस दरबार सुटून सरदार बाहेर पडत असता खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्याच्या गडबडीत जाधव आणि भोसले एकमेकांवरच तुटून पडले. जिजाऊंचा भाऊ दत्ताजी त्यात पडला आणि शहाजीराजांचा चुलतभाऊ संभाजीही पडला. एका बाजूला भाऊ गेला, दुसऱ्या बाजूला दीर गेला, आणि सुतक मात्र एकाच बाईला दोन्हीकडचे. पुढे १६२४ साली भातवडीची मोठी लढाई झाली. तीत मलिक अंबर आणि शहाजीराजे यांनी दिल्ली आणि विजापूर या दोघांच्या फौजा हटविल्या, पण धाकटा दीर शरीफजी तेथेच कामी आला. हा मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याची कबर आपल्या गावातच आहे. निजामशाहीचा तो खांब होता, तो गेल्यावर घर खचावयास लागले.

आता मी ज्यासाठी लिहावयास बसले तेथे येते.

आम्ही लहानपणी गोष्ट ऐकली ती अशी. शहाजीराजे माहुलीच्या किल्ल्यावरून निसटले. पाठलागावर खुद्द सासरे लखुजी जाधव. जिजाऊंना सातवा महिना. घोड्यावर त्यांना दौड सोसेना, म्हणून राजे त्यांना वाटेत थोड्या स्वारांनिशी मागे ठेवून पुढे गेले. मागून बाप आला आणि लेकीला त्या अवस्थेत पाहून त्याचा राग विरघळला. ही गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांत नेहमी पाणी येई. त्या काळी महाराजांचा जन्म १६२७ सालचा सांगत. पुढे जेधे शकावली उजेडात आली, अभ्यासकांनी पडताळा घेतला, आणि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पक्की झाली. महाराष्ट्र शासनाने तीच स्वीकारली आहे.

आता महिने मोजावयास आपल्याला शकावली लागत नाही, बोटांची पेरे पुरतात. लखुजी जाधवराव शके १५५१ च्या श्रावणी पौर्णिमेस मारले गेले, इंग्रजी तारीख २५ जुलै १६२९. श्रावणी पौर्णिमा ते फाल्गुनी पौर्णिमा झाले सात महिने, वर तीन दिवस. म्हणजे वडील गेले त्या दिवशी जिजाऊंना जेमतेम अडीच महिने झाले होते. सातव्या महिन्यात लेकीला गाठावयास ते या जगातच नव्हते. गोष्ट गोडच आहे, पण खरे घडले ते तिच्याहून कठीण आहे.

घडले ते असे. लखुजी जाधव मधल्या काळात मोगलांकडे गेले होते आणि पुन्हा निजामशाहीत परत आले होते. मूर्तजा निजामशहाच्या मनात त्यांच्याविषयी किंतु होता. ते मुलांसह दौलताबादेच्या किल्ल्यात मुजऱ्याला गेले आणि तेथे भर दरबारात त्यांच्यावर घाला पडला. लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव असे चौघे एकाच वेळी मारले गेले. म्हाळसाबाई उरलेल्या माणसांना घेऊन सिंदखेडास निघून गेल्या. ज्या पौर्णिमेला आज आपण भावाला राखी बांधतो, ती ही तिथी. बाप, दोन भाऊ आणि भाचा. आणि ही बातमी जिजाऊंच्या कानी आली तेव्हा त्यांचे दिवस कोणते होते, तर सकाळी डोके वर उचलवत नाही, फोडणीचा वास सोसत नाही आणि घोटभर पाणीही उलटून पडते, ते.

येथे मला माझे थोडे सांगितले पाहिजे, त्याशिवाय पुढचे कळावयाचे नाही. लग्नानंतर पहिल्या खेपेस मला दोन महिने झाले होते. आमच्या गल्लीत तेव्हा नळ आला नव्हता. मी पाण्याचा हंडा आणला आणि दोन दिवसांनी सर्व गेले. हंडा उचलला म्हणून गेले असे घरातल्या मोठ्या माणसांनी ठरविले, आणि मीही तेच धरून चालले. पुढे मला दोन मुली आणि एक मुलगा झाला, तरी तो हंडा माझ्या डोक्यावरून खाली उतरला नाही. त्या तिन्ही खेपांना मी जागची हलत नसे. अंग सुजे, कंबर धरे, पण पलंग सोडावयाची भीती वाटे.

गेल्या श्रावणात पंचमीला माझी थोरली माहेरी आली. तिसरा महिना सरत आलेला. ही मुलगी शाळेपासून धावणारी. पोलीस भरतीसाठी तिने दोन वर्षे मेहनत केली. मुलींना तेथे ८०० मीटर धावावे लागते, त्याचा सराव ती नेमाने करी. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता ती बूट घालून दाराशी उभी! मी कडी लावून दारात आडवी झाले. शेजारच्या आजींनीही बरेच ऐकविले. लेक रडली, मीही रडले, आणि अखेर दोघींनी डॉक्टरीणबाईंना विचारावयाचे ठरले.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासले. रक्त भरले साडेनऊ. गरोदरपणी ते अकराच्या वर पाहिजे. त्यांनी सांगितले की आपल्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्त कमी असते. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत शंभरात बावन्न निघाल्या. तेव्हा धावणे तूर्त बंद, चालणे मात्र चालू. लोहाच्या गोळ्या रोज घ्यावयाच्या, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळी घेतल्यावर तासभर चहा घ्यावयाचा नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. शेपू, चवळई, शेंगदाणे, गूळ, मोडाची मटकी, वर लिंबू पिळून.

मी घाबरत त्यांना माझ्या हंड्याचे विचारले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कोणाला विचारले. त्या म्हणाल्या की पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो तो पुष्कळदा त्याच्या बीजातच मुळात दोष राहिल्यामुळे जातो. बाई चालली, वाकली, हंडा आणला म्हणून तो जात नाही. मी त्यांच्यासमोर काही बोलले नाही. घरी येऊन न्हाणीघरात जाऊन बसले.

त्या रात्री मी पेरे मोजत जिजाऊंचा हिशेब केला, तो वर लिहिलाच आहे. माझ्या लेकीचे दिवस आणि त्यांचे दिवस जवळजवळ एकाच ऋतूत पडत होते. जिजाऊंना सहा मुले झाली आणि त्यांतले संभाजी आणि शिवाजी हे दोघेच जगले असे सांगतात. म्हणजे चार वेळा पदर रिकामा झालेली ही बाई. १५९८ चा जन्म धरला तर शिवबाच्या वेळी त्यांचे वय बत्तीस. त्या काळी बत्तिसाव्या वर्षी बायका आजी होत. अशा बाईला वैद्याने, सुइणीने, वडीलधाऱ्यांनी अंथरुणावरून उठू नको असेच सांगितले असते. पण अंथरूण घालावयाला जागा कोठे होती?

सासऱ्यांच्या खुनानंतर शहाजीराजांनी निजामशाही सोडली. दिल्लीची फौज दक्षिणेवर चालून येत होती. विजापूरचा आदिलशहा एकीकडे, निजामशहा दुसरीकडे. याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने राजांची पुण्याची जहागीर जाळली, गाढवाचा नांगर फिरविला आणि तेथे लोखंडी पहार ठोकली, म्हणजे या भूमीत कोणी दिवा लावू नये. राजांना आज येथे तर उद्या तेथे जावे लागत होते. गरोदर बायकोला कोठे ठेवावे हा प्रश्न होता. जुन्नरजवळचा शिवनेरी किल्ला बळकट, आणि तेथील किल्लेदार विश्वासराव हे व्याही, थोरल्या संभाजीला त्यांची मुलगी केलेली. म्हणून जिजाऊंना शिवनेरीवर आणले.

घोड्यावर आणले की पालखीतून, याविषयी बखरी आणि कादंबऱ्या काय वाटेल ते सांगतात. सरदारघराण्यातल्या बायकांना पालखी-मेणा असेच. पण ज्यांनी बैलगाडीतून दहा कोस काढले आहेत त्यांना ठाऊक आहे की बसून केलेला प्रवास हा काही आराम नव्हे. आणि घोड्याविषयी डॉक्टरीणबाईंचे मत मी मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या, गरोदरपणी घोडा नकोच, कारण पडण्याची भीती. पोट वाढले की तोल पुढे जातो, सांधे सैल होतात. जिजाऊ त्यातून निभावल्या म्हणून कोणी मोटारसायकलवर पाठीमागे बसून खड्ड्यांतून जाऊ नये. त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती, आपल्यापुढे असते.

शिवनेरी मी पाहिला आहे. आपल्यापैकी ज्या सहलीला आल्या होत्या त्यांना आठवत असेल. गड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंच आहे आणि वर जाताना सात दरवाजे लागतात. आता पायऱ्या बांधल्या आहेत तरी आमच्यापैकी दोघी तिसऱ्या दरवाजापाशीच बसल्या. वर शिवाईचे देऊळ आहे, कातळात कोरलेल्या गंगा-जमुना नावाच्या पाण्याच्या टाक्या आहेत, धान्याची कोठारे आहेत, बदामाच्या आकाराचा तलाव आहे, आणि एका टोकाला कडेलोटाचा कडा. जन्मस्थान म्हणून दाखवितात ती इमारत शिवाईच्या देवळापासून लांब आहे. गडावर राहणे म्हणजे सरळ वाट अशी नसतेच. देवीला जावयाचे तर उतरा, परत यावयाचे तर चढा. वर मोकळा वारा. दासी कितीही असोत, चार भिंतींत निजून राहावयाची ती जागा नव्हे. पाटावर बसविलेल्या बाईसारखे त्यांचे दिवस गेले नसतील हे ती जागा पाहिली की कळते.

आपण डोहाळजेवणाला सुनेला झोपाळ्यावर बसवितो, होडीत बसवितो, हाती पुठ्ठ्याचा धनुष्यबाण देतो आणि फोटो काढतो. जिजाऊंच्या डोहाळ्यांचे वर्णन कवी परमानंदांनी शिवभारत या संस्कृत काव्यात केले आहे. हे परमानंद नेवाशाचे, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले. मी त्याचा मराठी अर्थ वाचला. त्यांना हत्तीवर बसावेसे वाटे, वाघावर बसावेसे वाटे, गड चढावेसे वाटत, सोन्याच्या सिंहासनावर बसावे, शस्त्रे घेऊन लढाया कराव्या असे वाटे. कवीने हे मुलगा मोठा झाल्यावर लिहिले, तेव्हा थोडी भर असणारच. चिंचेचे बुटुकही कधी मागितले असेल, ते कवीने लिहिले नाही. पण ज्या बाईच्या बापाला आणि भावांना दरबारात कापले, तिला त्या दिवसांत तलवार धरावीशी वाटली असेल यात मला खोटे काही दिसत नाही.

फाल्गुन वद्य तृतीयेस, शुक्रवारी, शिवनेरीवर मुलगा झाला. शिवाई देवीवरून शिवाजी नाव ठेवले असे मानतात. शहाजीराजे त्या वेळी जवळ नव्हते. बाळंतपणाच्या पाठोपाठ दुष्काळ आला. १६३० ते १६३२ या सालांतला तो दुष्काळ इतका भयंकर होता की गावेच्या गावे ओस पडली. बाळाला पाजणाऱ्या आईला अधिक अन्न लागते हे आपण जाणतो. खाली मुलखात अन्न नाही, वर गडाच्या कोठारांतले मोजून मापून खावयाचे, आणि अंगावर दूध पिणारे मूल. लढायांची वर्णने पानेच्या पाने मिळतात. या दोन वर्षांत जिजाऊंनी काय खाल्ले आणि मूल कसे जगविले हे कोणी लिहून ठेवले नाही. लिहिणारे पुरुष होते, दुसरे काय?

माझ्या लेकीचे सांगावयाचे राहिले. दोन महिन्यांत रक्त अकराच्या वर गेले. जगातल्या आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की प्रकृती धड असेल तर गरोदर बाईने आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे अंग हलेल असे काम किंवा चालणे करावे, आणि जिला आधीपासून धावण्याची सवय आहे तिने डॉक्टरांच्या विचाराने ते चालू ठेवण्यास हरकत नाही. नव्याने मात्र कोणी त्या दिवसांत धावण्यास सुरुवात करू नये. पाचव्या महिन्यापासून लेक पुन्हा हळूहळू धावू लागली, सपाट रस्त्यावर, ऊन चढण्याआधी, पाण्याची बाटली घेऊन. मी मागून चालत जाई. खूण एकच, धावताना बोलता आले पाहिजे. दम लागून बोलणे तुटले की चालावयाचे. रक्त दिसले, अंगावरून पाणी गेले, छातीत दुखले, चक्कर आली, पोटात कळा आल्या किंवा बाळ हालेनासे वाटले तर तेथेच थांबून दवाखाना गाठावयाचा. जुळे असेल, वार खाली असेल, रक्तदाब चढलेला असेल, पिशवीला टाका घातला असेल, तर धावणे नाहीच, आणि चालणेही विचारून. सातव्या महिन्यात पोट जड झाले तेव्हा तिने आपण होऊन धावणे सोडले. मग आम्ही दोघी रोज भद्रा मारुतीपर्यंत चालत जात असू. माघात तिला मुलगी झाली. मुलगी सुखरूप, आई सुखरूप.

यावर कोणी म्हणेल, आमच्या बायका तर शेतात राबतातच, त्यांना वेगळे चालणे कशाला. पण धावणे निराळे आणि राबणे निराळे. आपल्या मराठवाड्यातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला बायका जातात, पोटुशी असली तरी कोयता घेऊन पहाटेपासून फडात उभ्या राहतात, मोळ्या डोक्यावर वाहतात. माझ्या लेकीला वाटेल तेथे थांबता येत होते, घरी गेल्यावर भाकरी तयार होती. ज्या बाईला थांबता येत नाही तिला व्यायाम झाला असे कोणी म्हणू नये. तिला विसावा आणि पोटभर अन्न पाहिजे.

पुढचे चरित्र आपणा सर्वांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगते. १६३६ साली निजामशाही संपली. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत कर्नाटकाकडे गेले. जिजाऊ शिवबाला घेऊन पुण्यास आल्या. पहार ठोकलेल्या त्याच भूमीत सोन्याच्या फाळाचा नांगर फिरविला असे सांगतात. त्यांनी कसब्याच्या गणपतीचे देऊळ उभारविले, लालमहालात राहून वसाहत वसविली, लोकांचे तंटे ऐकून निवाडे केले. थोरला संभाजी कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात मारला गेला. आता सहांतला एकच उरला. १६६० साली तोही पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकला, तेव्हा बासष्ट वर्षांची ही बाई स्वतः शस्त्र घेऊन वेढा फोडण्यास निघाली होती असे शिवभारतात आहे. नेताजी पालकरांनी त्यांना थांबविले. डोहाळे खोटे नव्हते म्हणावयाचे.

घरातली दुसरी बाळंतपणेही त्यांनी पाहिली. सून सईबाई यांना १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजे झाले, पण आईची प्रकृती खालावली, दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळची धाराऊ दूधआई म्हणून आणली. दोन वर्षांनी सईबाई राजगडावर वारल्या आणि दोन वर्षांचा नातू आजीच्या पदरात आला. साठीला टेकलेल्या बाईने पुन्हा लहान मूल वाढविले. मला आता नात झाल्यापासून या गोष्टीचे मोल अधिक कळते. तासभर तिला खांद्यावर घेतले की माझे खांदे भरून येतात.

१६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. जिजाऊ सती जावयास निघाल्या होत्या, महाराजांनी त्यांना मोठ्या मिनतवारीने मागे फिरविले. फिरल्या म्हणून बरे झाले. दोनच वर्षांनी महाराज आग्र्यास कैदेत पडले तेव्हा मागचा कारभार त्यांच्या नजरेखाली चालला.

उतारवयात त्यांना रायगडावरचा वारा आणि थंडी मानवेना. महाराजांनी पायथ्याशी पाचाड येथे त्यांच्यासाठी वाडा बांधून दिला. तेथे तक्क्याची विहीर म्हणून एक विहीर आहे. तिच्या काठी दगडी तक्क्याला टेकून त्या बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकत असे तेथील लोक सांगतात. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. मुलाच्या डोक्यावर छत्र धरलेले त्यांनी पाहिले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाडच्या वाड्यात त्यांनी देह ठेवला. तेथेच त्यांची समाधी आहे.

पुढील वर्षी मंडळाची सहल रायगडास न्यावयाचे घाटत आहे. पुष्कळ सहली सरळ गडावर जातात आणि रात्रीच्या आत परत फिरतात. पाचाडला दोन तास थांबावयाचे ठेवावे, अशी माझी कार्यकारिणीला सूचना आहे.